बियाणे पोचेपर्यंत संशोधन अपुरेच
(हिंगोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विज्ञानावर बोलावे आणि ते इथल्या शेताला धरून बोलावे, असे मला वाटले. म्हणून आजचा विषय आहे विद्यापीठांतले जैवतंत्रज्ञान संशोधन आणि त्यासाठी लागणारी भागीदारी.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही, पण दोन विद्यापीठांशी त्याचे रोजचे नाते आहे. एक परभणीचे कृषी विद्यापीठ. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. दुसरे नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालेले. आपली मुले पदवीला नांदेडकडे पाहतात आणि शेतकरी बियाण्याला परभणीकडे. परभणीच्या विद्यापीठाचे लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालयही आहे. म्हणजे हे शास्त्र आपल्यापासून फार तर एका दिवसाच्या एसटी प्रवासावर आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पिकावरचे संशोधन शोधनिबंध छापला गेला म्हणून पुरे होत नाही. त्यातून निघालेले बियाणे किंवा बेणे शेतकऱ्याच्या हाती, त्याला परवडेल अशा अटींवर पडते तेव्हा ते पुरे होते. आणि तिथवरचा रस्ता एकट्या विद्यापीठाला चालता येत नाही. भागीदार लागतात. ते कोण, कोणत्या अटींवर, आणि त्यांत शेतकऱ्याची जागा कोणती, यावर सगळे अवलंबून आहे. मराठवाड्याच्याच चार-पाच उदाहरणांतून हे मांडतो.

भेंडीतला धडा

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान पिवळे होते, फळेही पिवळट आणि राठ निघतात. शेतकरी त्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. हा विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. एकेकाळी पुसा सावनी ही भेंडीची गाजलेली जात होती, पण या रोगापुढे तिचा टिकाव लागेना. परभणीच्या विद्यापीठात ना. दे. जांभळे आणि यो. स. नेरकर यांनी रोगाला दाद न देणारा एक रानटी नातलग निवडला आणि पुसा सावनीशी त्याचा संकर केला.

हे काम कसे चालते ते जरा जवळून पाहू. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची. चिमट्याने पाकळ्या अलगद बाजूला करून पुंकेसर काढून टाकायचे आणि कळीवर कागदी पिशवी चढवायची. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून स्त्रीकेसराच्या टोकावर लावायचे, पिशवी पुन्हा घालायची आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. वेगळ्या प्रजातींच्या संकरातली झाडे बहुतेक वांझ निघतात. जी थोडी बी धरतात, त्यांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करायचा. मग पिढ्यामागून पिढ्या रोगग्रस्त शेतात लावून जी तग धरतील ती ठेवायची. १९८१ साली या दोघांनी दाखवून दिले की ही प्रतिकारशक्ती एका प्रभावी जनुकामुळे येते. पुढे परभणी क्रांती ही जात आली आणि १९८६ साली तिची माहिती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली.

त्या काळी परभणीत डीएनएचा क्रम वाचणारे यंत्र नव्हते. तरी जैवतंत्रज्ञानाचा गाभा तिथे होता: कोणता गुण कोणत्या जनुकात आहे हे ओळखणे आणि तो हव्या त्या वाणात आणणे. परभणी क्रांती हा सरळ वाण होता. शेतकऱ्याने एकदा बी आणले की पुढच्या वर्षी घरचे धरता येई. देशभरातल्या परसात आणि शेतात ती पोचली याचे मोठे कारण हेच. रोगाचा विषाणू पुढे बदलत गेला आणि तिची प्रतिकारशक्तीही ढासळली. म्हणून संशोधन एकदा करून थांबवता येत नाही, हा या गोष्टीचा दुसरा अर्थ.

कापसात काय झाले

आता कापूस. परभणी विद्यापीठाच्या नांदेड कापूस संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. नांदेड चव्वेचाळीस म्हटले की आजही जुन्या शेतकऱ्यांचे डोळे चमकतात. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, पावसाची ओढ बसली तरी पुन्हा फुटणारा असा हा वाण मराठवाडा आणि विदर्भात घरोघरी पोचला होता.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. पहिले तीन वाण महिकोचे होते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात उभी केलेली ही मराठवाड्याचीच कंपनी. जनुकाचे तंत्र मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीचे होते. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हा मातीत सापडणारा जीवाणू. त्यातले क्राय१एसी हे जनुक कापसात बसवले की बोंडअळी पान किंवा बोंड खाते आणि त्यातल्या प्रथिनामुळे तिच्या आतड्याला छिद्रे पडून मरते. २००६ साली दोन जनुकांचे बीजी-२ आले. काही वर्षांतच बाजारात बीटी नसलेला कापूस मिळेनासा झाला, आणि बीटी फक्त संकरित वाणांत मिळत असल्याने दर हंगामाला नवी पाकिटे घेणे भाग पडले.

एनएचएच-४४ इथे मागे पडला. वाण उत्तम होता, पण त्यात जनुक नव्हते. जनुक ज्यांच्याकडे होते त्यांच्याशी वेळेत करार झाला नाही. पुढे अकोल्याच्या महाबीजबरोबर करार होऊन या वाणाचे बीटी रूप तयार झाले. पण मधल्या वर्षांत शेत दुसऱ्याच वाणांनी भरून गेले होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीजी-२ ओलांडून राज्यातला कापूस पोखरला. एकाच तंत्रावर सगळे शेत उभे करण्याची किंमत तेव्हा कळली.

याच क्षेत्रात सरकारी संस्थांनीही एक प्रयत्न केला. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि दिल्लीतील संशोधक एकत्र आले. बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी जनुक घालायचे, म्हणजे शेतकरी बी घरी राखू शकेल, हा हेतू मोलाचा होता. २००८ साली मान्यता मिळाली, २००९ साली बियाणे विक्रीला आले आणि त्याच वर्षी विक्री थांबवावी लागली. त्या कापसात मोन्सॅन्टोचे जनुकही सापडल्याचे पुढे उघड झाले. प्रा. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून चौकशी झाली. तीन-चार ठिकाणांहून नमुने ये-जा करत असतील तर प्रत्येक बाटलीची, प्रत्येक ओळीतल्या झाडाची नोंद आणि शुद्धतेची तपासणी दर टप्प्यावर लागते. ती शिस्त सुटली की कितीही चांगला हेतू वाया जातो. ही गोष्ट जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली पाहिजे.

आनंदाची बातमी अशी की नांदेड केंद्राने अलीकडे एनएच १९०१, १९०२ आणि १९०४ हे तीन बीटी सरळ वाण तयार केले आहेत. बी घरचे धरता येईल अशा बीटी कापसाची वाट शेतकरी वीस वर्षे पाहत होता. आता त्याचे पुरेसे बियाणे तयार होईल का, दुकानात चमकदार पाकिटाशेजारी ते ठेवले जाईल का, यावर त्याचे भवितव्य ठरेल.

ज्वारीतली भागीदारी

चांगल्या भागीदारीचे उदाहरणही आपल्या दारातच आहे. हैदराबादजवळ पटांचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. कोरडवाहू पिकांवर काम करणारी ही संस्था १९७२ चीच, परभणीच्या विद्यापीठाच्या वयाची. इक्रिसॅटने जगभरातून जमवलेल्या ज्वारीच्या वाणांत लोह आणि जस्त जास्त असलेले वाण शोधले. परभणीच्या शास्त्रज्ञांनी ते इथल्या जमिनीत, इथल्या पावसात पारखले. त्यातून २०१८ साली परभणी शक्ती हा वाण प्रसारित झाला. पोषणमूल्य जाणूनबुजून वाढवलेला ज्वारीचा देशातला हा पहिला वाण.

नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात लोह ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. शिवाय लोह अंगी लागू न देणारा फायटेट हा घटक त्यात कमी आहे. बाहेरचे कोणतेही जनुक त्यात घातलेले नाही. कोणाकडे काय होते पाहा: इक्रिसॅटकडे जनुकांचा संग्रह आणि लोह मोजणारी यंत्रे होती, परभणीकडे मराठवाड्याच्या जमिनीची, पावसाची आणि भाकरीच्या चवीची ओळख होती. दोघांपैकी एकालाही ते एकट्याने जमले नसते.

तरी हा वाण आपल्या गावांत किती दिसतो? खरिपातली ज्वारी हटली आणि तिथे सोयाबीन आले. परभणी शक्तीचे दाणे साध्या ज्वारीसारखेच दिसतात. अडत्याला लोह दिसत नाही, त्यामुळे चढा भाव मिळत नाही. मग कोण पेरणार? इथे तिसऱ्या भागीदाराची उणीव आहे. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहारासाठी ही ज्वारी ठरलेल्या भावाने घेतली तर पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, आणि तिथून शेतापर्यंत साखळी उभी राहील. आपल्या लेकरांच्या आणि गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आहे हे आरोग्य सेविका रोज नोंदवतात. उपाय परभणीत तयार आहे. मधला पूल बांधायचा राहिला आहे.

हळद: आपली कसोटी

आता आपल्या खास पिकाकडे येतो. सिद्धेश्वर आणि येलदरीच्या पाण्याने पूर्णेच्या लाभक्षेत्रात हळद आली, आणि वसमतची बाजारपेठ राज्यात नावाजली. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे.

हळदीशी संबंधित एक जुनी लढाई आठवली पाहिजे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना हळदीने जखम भरण्याच्या वापरावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांच्या पुढाकाराने परिषदेने या पेटंटला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द झाले. आजी बोट कापल्यावर हळद दाबते हे प्रत्येकाला माहीत होते, पण ते ज्ञान पेटंट कार्यालयात पुरावा ठरले नाही. पुरावा ठरले छापील कागद: जुन्या संस्कृत ग्रंथांतले उल्लेख आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक निबंध धरून एकूण ३२ संदर्भ. ज्याची नोंद आहे त्याच्यावरच हक्क सांगता येतो, हे तेव्हा देशाला कळले. पुढे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले ते याच अनुभवातून.

ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. भौगोलिक मानांकनाने वसमतला नाव दिले. ते नाव टिकवायला पुरावा लागेल. बाहेरची हळद वसमतच्या नावाने विकली गेली तर ओळखायची कशी? डीएनए तपासणीने जात कळते. पण इथे बहुतेक सेलम आहे आणि ती तमिळनाडूतून आलेली जात. तिच्यातल्या कुरकुमिन या पिवळ्या द्रव्याचे प्रमाण जमीन, काढणीची वेळ, शिजवणे आणि वाळवणे यांवरही ठरते. म्हणून जनुकाची तपासणी आणि कुरकुमिनची रासायनिक तपासणी दोन्ही लागतील. नांदेड विद्यापीठाची प्रयोगशाळा, परभणीचे शास्त्रज्ञ, सांगलीजवळचे कसबे डिग्रजचे हळद संशोधन केंद्र, कोळिकोडची भारतीय मसाला पिके संशोधन संस्था आणि वसमतची बाजार समिती यांनी एकत्र बसण्याजोगे हे काम आहे.

त्याहून मोठा प्रश्न बेण्याचा. हळदीला बी धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ती वांझ आहे आणि कंदावरच वाढते. एकरी सुमारे दहा क्विंटल बेणे लागते. शेतकरी जेठे गड्डे निवडतो, सावलीत ढीग करतो, वर हळदीचाच पाला झाकतो. त्या कंदात कंदकुजीचा अंश असला तर तो पुढच्या वर्षीच्या गादीवाफ्यात जातो. पावसाळ्यात पाणी साचले की पाने पिवळी पडतात, कंद बोटाने दाबला तर मऊ लागतो आणि घाण वास येतो. शेजारचा आपले बेणे देतो, त्याच्याबरोबर रोगही देतो.

ऊतीसंवर्धन इथे कामाचे आहे. कंदावरचा बारीक डोळा निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत अगारच्या माध्यमावर ठेवायचा. संजीवकांच्या मात्रेने त्याला फुटवे येतात, फुटव्याचे फुटवे होतात. मग रोपे बाहेर काढून शेडनेटमध्ये हळूहळू ऊन-वाऱ्याला सरावायची. पहिल्या वर्षी या रोपांचे कंद लहान असतात. पुढच्या एक-दोन हंगामांत ते वाढवून चांगले बेणे मिळते. ही दोन वर्षांची कळ एकट्या शेतकऱ्याला सोसत नाही. विद्यापीठाने रोपे द्यावीत, शेतकरी उत्पादक कंपनीने दोन वर्षे बेणेमळा सांभाळावा आणि मग सभासदांना वाटावे, अशी विभागणी केली तर ते शक्य आहे.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटेल, त्यांना बायोमिक्सचे उदाहरण देतो. परभणीच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाने उपयुक्त बुरशी आणि जीवाणूंचे हे मिश्रण तयार केले. हळद, आल्याच्या कंदकुजीसाठी आपले शेतकरी ते परभणीहून आणतात, पाण्यात कालवून झाडांच्या मुळाशी आळवणी करतात. सूक्ष्मजीव वाढवणे, त्यांची शुद्धता राखणे, शेतकऱ्याला वापरायला सोपे करून देणे, हे सगळे जैवतंत्रज्ञानच आहे. त्यासाठी कोणाला परदेशात जावे लागले नाही.

अटी कोणत्या असाव्यात

भागीदारी म्हटले की हक्काचा प्रश्न येतोच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. आपल्या शेतात वेगळ्या लोंब्या निवडत त्यांनी एचएमटी हा तांदूळ घडवला. विदर्भातल्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेऊन शुद्ध केले आणि १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी म्हणून प्रसारित केले. तांदूळ अनेक राज्यांत गेला. दादाजींना पुरस्कार मिळाले, पण वाणातून मिळणाऱ्या मोबदल्यात त्यांना हिस्सा नव्हता. ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा वैद्यकीय खर्चासाठीही ओढाताण होती.

असे पुन्हा होऊ नये यासाठी कायदे आहेत. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, आणि बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही कायम राहतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावाची नोंदवही कुणी उघडून पाहिली आहे का? त्यात हळदीच्या जुन्या जातींची, बेणे साठवण्याच्या पद्धतींची, रानभाज्यांची नोंद जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी करू शकतात. सरांच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक भागीदारी आपल्या जिल्ह्यातच आकार घेत आहे: औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी शोधण्याच्या या जागतिक भागीदारीत हिंगोलीचा पत्ता असणार आहे. ज्या जिल्ह्याची जमीन जगातल्या सर्वांत नाजूक मोजमापासाठी निवडली जाते, त्या जिल्ह्याने स्वतःच्या हळदीची मोजमापे इतरांवर सोडू नयेत.

म्हणून शेवटी चार गोष्टी मागतो. एक, वसमतच्या हळदीसाठी परभणी, नांदेड, डिग्रज आणि कोळिकोड यांचा एक लेखी संयुक्त कार्यक्रम व्हावा आणि त्यात ऊतीसंवर्धित बेण्याचा मळा पहिल्या वर्षापासून असावा. दोन, बाजार समितीत कुरकुमिन तपासणी मिळावी आणि तिचा निकाल सौदा होण्याआधी शेतकऱ्याच्या हाती यावा. तीन, परभणी शक्ती ज्वारीची आपल्या जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांसाठी ठरलेल्या भावाने खरेदी व्हावी. चार, आपल्या शेतातले नमुने किंवा माहिती घेणाऱ्या कोणत्याही संशोधनाच्या करारात शेतकरी गटाची सही असावी, आणि त्यातून उत्पन्न झाले तर वाटा किती हे त्याच कागदावर लिहिलेले असावे.

यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही. शोध झालेले आहेत. लागते ती एकत्र बसण्याची, अटी लिहिण्याची आणि त्या पाळण्याची तयारी. असा पहिला करार हिंगोली जिल्ह्यात व्हावा आणि त्यावर विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या सहीशेजारी वसमतच्या हळद उत्पादकांची सही असावी. त्याचा मसुदा लिहायला बसणार असाल तर मला बोलवा, मी येईन.